पेरनूसाहेबांचं दुपारी थांबणारं घड्याळ

ब्रासू,
८ ऑक्टोबर १९५४

चि. ओडील हिला आजीचे अ. आ.

पत्ता विसरलीस, की आजी विसरलीस, की दोन्ही एकाच पेटीत ठेवून पेटीच हरवलीस? मला लिहिता येत नाही, म्हणून मला सगळं लक्षात ठेवावं लागतं. तुला शाळेत घातलं, तिथे अक्षरं शिकवली, आणि त्या दिवसापासून तू विसरायला लागलीस. तरी बरं, आमच्या पोस्टात इदा आहे. तुझं पत्र आलं नाही, ही बातमीसुद्धा ती मला रोज घरपोच आणून देते.

वि. वि. हे की, मी बोलते आहे आणि इदा लिहिते आहे. ती म्हणते, आधी प्रकृतीचं सांगा. प्रकृती ठणठणीत आहे. गुडघा तेवढा बर्फ पडायच्या आधीच बर्फ सांगतो. वरच्या कुरणातल्या गाई उतरल्या. त्यांच्या घंटांच्या गलक्यात पाद्रीबाबांचं अर्धं प्रवचन वाहून गेलं आणि उरलेलं अर्धं त्यांनी स्वतःच आवरलं. हे लिहू नकोस असं मी इदाला सांगितलं आहे, पण तिचा हात थांबलेला दिसत नाही.

तू इथला कारखाना सोडलास हे मला इदाकडून कळलं आणि इदाला तुझ्या बदललेल्या पत्त्यावरून. म्हणे न्यूशातेलला तळ्याकाठी पेरनू नावाच्या घड्याळजीकडे लागली आहेस. मी रागावलेली नाही. कारखान्यात बायकांना एकच काम देतात आणि जन्मभर तेच काम देतात. इटलीतल्या बेर्गामोच्या डोंगरातून मी इथे स्वित्झर्लंडमध्ये धुणीभांडी करायला आले आणि पुढे सगळं आयुष्य खिडकीपाशी बसून घड्याळांच्या चावीची यंत्रणा जोडली: दांडी, दोन चाकं, एक खिटी. घड्याळाच्या बाकीच्या पोटात काय चालतं ते मला कुणी दाखवलं नाही. तुला अख्खं घड्याळ हातात मिळणार असेल तर जा बाई, खुशाल जा.

फक्त एवढं कळव, की मालक माणूस कसा आहे, दुपारी सूप गरम मिळतं का, आणि तुझी खुर्ची खिडकीपाशी आहे की दाराशी. दाराशी बसवलेल्या माणसाला परत पाठवायचं मनात असतं.

माझा लोभ तुझ्याकडेच पडून आहे. अधूनमधून काढून ऊन दाखवत जा.

तुझी आजी,
डोमेनिका


न्यूशातेल,
१५ ऑक्टोबर १९५४

ती. आजीस ओडीलचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन थोडी रडले. इदामावशींना सांग की त्यांचं अक्षर छान आहे, आणि पाद्रीबाबांचं मी कुणाला सांगणार नाही.

आजी, खुर्ची दाराशी आहे.

मालक, म्हणजे पेरनूसाहेब, विधुर आहेत. दुकानाच्या वरच राहतात. बोलणं मोजकं, पण सूप गरम असतं आणि बशी त्यांच्याआधी माझी भरतात. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःचं खिशातलं घड्याळ माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, हे रोज दुपारी थांबतं. का थांबतं ते शोध. सेंट मार्टिनच्या सणापर्यंत, म्हणजे ११ नोव्हेंबरपर्यंत, सापडलं तर खिडकीपाशी बस आणि अख्ख्या घड्याळांची कामं घे. नाही सापडलं तर कारखाना तुला ओळखतोच.

हे घड्याळ त्यांनी शिक्षण संपताना स्वतःच्या हातांनी बनवलं. मागचं झाकण उघडलं आणि मी श्वास रोखला. कौतुकाने म्हणशील, तर ते होतंच, पण माझ्या तोंडच्या वाफेचा डाग पडेल याचीही भीती वाटली. भिंग लावूनसुद्धा दिसणार नाहीत अशा आतल्या कडा त्यांनी घासून आरशासारख्या केल्या आहेत. कुणी बघणार नाही अशा जागी इतकी माया का ओतली असेल, असा विचार करत मी किती वेळ नुसती बसून राहिले. चावी, म्हणजे डोक्यावरची फिरवायची गुंडी, मात्र वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे, नदीतल्या गोट्यासारखी.

चावी दिली तर शेवटपर्यंत नीट जाते. मध्ये घसरत नाही, मागे फिरत नाही. चावीने आत गुंडाळली जाणारी कमान धड आहे. माझ्या टेबलावर ते घड्याळ सबंध दिवस चालतं, रात्र चालतं, दुसऱ्या दिवशीही चालत राहतं. त्यांना परत दिलं, की दुपारच्या कॉफीच्या वेळी बंद. हे कितीदा झालं ते मला आता सांगवत नाही. एक गोष्ट मात्र विचित्र आहे. माझ्या आधी कुणीतरी ते उघडलेलं आहे, तेही अलीकडेच. स्क्रूंच्या खाचा ताज्या चमकतात.

चावीचं काम तुझं. तूच सांग मी काय करू. मला परत कारखान्यातल्या त्या एका स्क्रूकडे जायचं नाही.

आशीर्वाद पाठव आणि त्याबरोबर थोडी अक्कलही.

तुझी,
ओडील


ब्रासू,
२० ऑक्टोबर १९५४

चि. ओडीलला अ. आ. आणि मागितलेली अक्कल.

वि. वि. हे की, तुझं पत्र इदाने दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या वेळी मी डोळे मिटून, चिमटीत न दिसणारी चावी धरून ऐकलं. इदा म्हणते, मी हवेत मीठ टाकत असल्यासारखी दिसत होते.

आता नीट ऐक. चावी फिरतच राहिली आणि शेवट आलाच नाही, तर कमान तुटली किंवा तिचं टोक तिच्या डबीतल्या हुकावरून सुटलं. चावी सोडल्यावर बोटांत उलटी फिरली, तर चाकाला अडवणारी खिटी धरत नाही. वाळू चावल्यासारखं लागलं, तर चाकांचे दाते गेले. शेवट आला, पण चालणं कमी झालं, तर कमान म्हातारी झाली. तिला माझ्यासारखं घरी बसवायचं. यातलं काहीही नाही असं तू म्हणतेस. आणखी एक बघ. चावी पूर्ण दिल्यावर खिटीने चाक किंचित मागे सोडायला हवं, श्वास सोडावा इतकंच. ते सोडत नसेल तर घड्याळ उधळतं. आणि चाकावरचा तो एक स्क्रू उलटा फिरतो, हे तरी लक्षात आहे ना? नसेल, तर आतापर्यंत त्याचं डोकं तोडून बसली असशील.

पण माझा खरा संशय वेगळाच आहे. टेबलावर चालतं आणि खिशात थांबतं, म्हणजे दोष खिशात आहे. तुझ्या मालकाचं पोट केवढं आहे? दुपारी जेवण झालं, पोट फुगलं, जाकीट ताणलं, घड्याळाचं मागचं झाकण दाबलं गेलं आणि आतलं चाक अडलं. इथल्या जुन्या नोटरीचं अगदी असंच झालं होतं. त्याला शिंपी बदलायला सांगितला आणि घड्याळ बरं झालं. तेव्हा मालकाला सैल जाकीट शिवायला सांग आणि खिडकीपाशी जाऊन बस. एवढं सोपं आहे.

घड्याळाच्या आतल्या कडांबद्दल तू जे लिहिलंस, त्यावरून मला एक जुनी गोष्ट आठवली. चौदा वर्षांची असताना मी पहिल्यांदा उघडं घड्याळ पाहिलं आणि छातीवर क्रूस केला होता. पोट उघडं असताना हे मरत कसं नाही, असं काहीतरी मी मालकिणीला विचारलं, आणि घरभर हशा झाला. अजूनही मला तेच विचारायचं असतं, पण आता लाज वाटते.

उत्तर येईपर्यंत लोभ अर्ध्याच चावीवर चालेल, हे ध्यानात ठेव.

तुझी आजी


न्यूशातेल,
२९ ऑक्टोबर १९५४

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

पेरनूसाहेबांना पोट नाही. घड्याळाच्या काट्यावर कोट घालावा तसे ते दिसतात. जाकिटात आणखी एक पेरनू राहील एवढी जागा आहे. तुझा नोटरी इथे चालला नाही, आजी. खिटी श्वास सोडते आणि उलट्या स्क्रूचं डोकं शाबूत आहे. हे मी मान ताठ करून लिहिते आहे.

पण आता जे लिहिते आहे, ते इदामावशींनी हळू वाचावं.

आपल्या घड्याळकामाच्या लोकांत स्वतःच्या घड्याळाला चावी स्वतःच द्यायची, दुसऱ्याच्या घड्याळाला कामाशिवाय हात लावायचा नाही, हे तुला माहीत आहे. पेरनूसाहेब तर ती सकाळी वर, त्यांच्या खोलीत देतात आणि मगच खाली येतात. त्यांना चावी देताना कधी कुणी पाहिलेलं नाही. मंगळवारी त्यांना सर्दी झाली होती म्हणून ते उशिरा उतरले. मी बाहेर गेले आहे असं त्यांना वाटलं. मी शेगडीच्या मागे वाकून राख काढत होते. त्यांनी घड्याळ काढलं आणि चावी द्यायला सुरुवात केली.

आजी, त्यांचा अंगठा फिरत होता. चावी फिरत नव्हती. पहिले थोडे वेढे नीट गेले, मग कमान जरा घट्ट झाली आणि अंगठा त्या गुळगुळीत चावीवरून नुसता सरकायला लागला. त्यांना वाटलं, पुढे जात नाही, म्हणजे कमान भरली. त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं. चेहऱ्यावर काम नीट झाल्याचं समाधान होतं. त्यानंतर ते गरम कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून उभे राहिले. कप इतका गरम होता की मी तो फडक्याशिवाय उचलला नसता. त्यांच्या बोटांना ते कळतच नव्हतं.

घड्याळात दोष नाही. बोटांची टोकं मुकी झाली आहेत, आणि हे त्यांना माहीत नाही. आपण घड्याळातल्या प्रत्येक कणावर संशय घेतो, फक्त घड्याळजीच्या अंगठ्यावर घेत नाही.

आता मी काय करू? एक सोपी वाट दिसते. धारदार कडांची नवी चावी बसवायची आणि जुनी झिजली होती म्हणून सांगायचं. पकड मिळेल, घड्याळ चालेल, मला खुर्ची मिळेल. पण तोच अंगठा उद्या गिऱ्हाइकाच्या घड्याळाला लागेल, आणि कधी कमी देईल, कधी जोर लावून मोडेल. आणि खरं सांगितलं तर? ज्या माणसाने आयुष्यभर बोटांनी ऐकलं, त्याला मी, दाराशी बसणारी पोरगी, सांगणार की बोटं गेली? ते दुकानच बंद करतील. मग खुर्चीही नाही आणि खिडकीही नाही.

सण जवळ आला आहे. लवकर सांग.

तुझी,
ओडील


ब्रासू,
३ नोव्हेंबर १९५४

चि. ओडील, अ. आ.

पोटाच्या बाबतीत मी चुकले. इदाला हे मोठ्या अक्षरात लिहायला सांगितलं आहे. तिने ते खूप आनंदाने लिहिलं.

आता दुसरं ऐक. स्क्रूंच्या खाचा ताज्या होत्या, असं तूच लिहिलंस आणि तूच विसरलीस. त्या घड्याळाला तुझ्या मालकाशिवाय हात कोण लावणार? त्याने स्वतः उघडलं, शोधलं, पुन्हा उघडलं, आणि त्याला सापडलं नाही. मग तुझ्यापुढे ठेवलं. ही तुझी परीक्षा नव्हती ग. तो माणूस मदत मागत होता, आणि मागता येत नाही म्हणून परीक्षा म्हणाला. तेव्हा नवी चावी लावू नकोस. खुर्ची मिळेल, पण त्या खुर्चीत बसून रोज सकाळी त्याचा अंगठा बघावा लागेल.

सांगायचं मात्र तू नाहीस. घड्याळाला सांगू दे.

आम्ही खिडकीपाशी बसणाऱ्या बायका होतो ना, उतारवयात आमच्या सगळ्यांचीच बोटं अशी मुकी व्हायची. थंडीने, सफाईच्या बेंझिनने, वयाने. मग आम्ही घड्याळाची कड पुढच्या दाताला टेकवायचो. कानाला लावलं तर टिकटिकच ऐकू येते. ती फार बडबडी. दाताला लावलं की खिटी बोलते, आणि थेट डोक्याच्या आत बोलते. कमान रिकामी असताना ती हलकी पडते, भरत जाईल तशी जड पडते, आणि भरली की गप्प. मग अख्ख्या कवटीला कळतं, की इथून पुढे भिंत आहे. मला पहिल्यांदा ते ऐकू आलं, तेव्हा मी काम टाकून बसून राहिले. माझ्याच चिमटीतला जोर त्या डबीत उतरत होता आणि मी तो उतरताना ऐकत होते. सकाळचा एवढासा जोर, आणि त्यावर माणसाचा सगळा दिवस चालायचा. गाडी पकडायची, पोर जन्माला यायचं, मेलेल्याची वेळ लिहून घ्यायची, सगळं त्यावर.

इदाचा विश्वास बसेना. तिने आत्ता स्वतःचं मनगटी घड्याळ दाताला लावून चावी दिली. आता ती काही लिहीत नाही. लिही ग इदा.

(इदा लिहिते: खरंच ऐकू येतं. अगदी आत येतं. मला जरा वेळ लागला, माफ कर.)

तर त्याच्यासमोर आधी तू तसं कर. आजीची खोड म्हणून सांग. मग घड्याळ त्याच्या हातात दे आणि गप्प राहा. गप्प राहणं तुला जमत नाही हे मला माहीत आहे, म्हणून तोंडात एक चमचा धरून ठेव.

लोभ पूर्ण भरून पाठवला आहे.

तुझी आजी


न्यूशातेल,
१२ नोव्हेंबर १९५४

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

काल सेंट मार्टिनचा सण झाला. दुकान उघडायच्या आधी त्यांनी विचारलं, सापडलं का. मी म्हटलं, सापडलं असं वाटतं, पण आधी आजीची एक खोड दाखवायची आहे: दाताला लावलं की कमान भरताना खिटी जड पावलं टाकते. त्यांच्या भुवया वर गेल्या. मी त्यांचं घड्याळ घेतलं, दाताला टेकवलं आणि चावी दिली. मी हे याआधी कधी केलं नव्हतं. आजी, तू सांगितलं होतंस तरी माझी तयारी नव्हती. जणू माझ्या डोक्यात एक मोठं दालन आहे आणि त्यात कुणीतरी जड पावलांनी चाललं आहे. शेवटचं पाऊल पडलं आणि सगळं थांबलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण त्यांनी हात पुढे केला. मी चमचा धरला नव्हता, ओठ चावून धरले.

मी घड्याळ त्यांना दिलं, पण माझ्या चावीने त्याची कमान भरलेली होती, त्यांना फिरवायला काही उरलं नव्हतं. ते बंद पडेपर्यंत थांबायचं, तर दुसरा दिवस उजाडला असता. तेव्हा त्यांनी कपाटातून दुसरं, रिकामं घड्याळ काढलं. तशीच जुनी, गुळगुळीत चावी. दाताला लावलं, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. पहिले वेढे पडले, ते त्यांच्या पापण्यांवर दिसत होते. मग अंगठा सरकायला लागला. त्यांनी डोळे उघडले. पुन्हा फिरवला. आवाज नाही. नेहमीसारखं समाधान चेहऱ्यावर यायला लागलं होतं, ते अर्ध्या वाटेतच थांबलं, कारण कमान भरताना ज्या जड पावलांबद्दल मी सांगितलं होतं, ती पडलीच नव्हती.

त्यांनी घड्याळ खाली ठेवलं. दिवा ओढला, डोळ्याला भिंग लावलं आणि स्वतःचा अंगठा त्याखाली धरला. मोडलेला भाग तपासावा तसा, सावकाश, सगळ्या बाजूंनी. सुईचं टोक टेकवून बघितलं. मी उभीच होते. इतकं शांत काही मी आजवर पाहिलेलं नाही. कुणी स्वतःकडे असं बघू शकतं, हे मला माहीत नव्हतं. मग भिंग काढून म्हणाले, दोष सापडला. आणि मग म्हणाले, हा भाग मात्र कारखान्यात मिळत नाही.

मला वाटलं, आता पाटी उतरवतील. त्यांनी ते रिकामं घड्याळ पुन्हा दाताला लावलं. या वेळी चावी अंगठ्याच्या टोकात न धरता दोन बोटांच्या पेरांमध्ये पकडली, आणि चावी फिरली. फिरत गेली. मला काही ऐकू येत नव्हतं, पण त्यांच्या कपाळावर मला सगळं दिसत होतं: हलकं, जड, आणखी जड. शेवट आला तेव्हा ते घड्याळ तसंच दाताला धरून राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. आयुष्यभर बोटांनी ऐकलं, हे आधी का नाही ऐकलं, एवढंच म्हणाले.

आज सकाळी माझी खुर्ची खिडकीपाशी होती. त्यांची तिला लागूनच होती. डोळ्यांचं काम त्यांनी करायचं, शेवटी बोटांनी तपासायचं काम मी करायचं, आणि हे गिऱ्हाइकांना लपवून ठेवायचं नाही, असं ठरलं आहे. पहिल्याच बाईंना त्यांनी स्वतः सांगितलं, की माझी बोटं आता या खुर्चीत बसतात. त्या बाईंनी घड्याळ उचललं आणि माझ्यापुढे ठेवलं.

दुपारच्या कॉफीच्या वेळी त्यांनी स्वतःचं घड्याळ काढून पाहिलं. सकाळी माझ्यासमोर, दाताला लावून, त्यांनीच चावी दिली होती. चालत होतं.

तुझा लोभ पोचला. आता माझा घे.

तुझी,
ओडील


ब्रासू,
१८ नोव्हेंबर १९५४

चि. ओडील हिला, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीला, अ. आ.

तुझं पत्र वाचताना इदा मध्येच थांबली. मी म्हटलं, वाच. ती म्हणाली, दिसत नाही. चष्मा तिच्या नाकावरच होता. मग मी कॉफी केली आणि उरलेलं पत्र आम्ही त्यानंतर वाचलं.

माणूस आपल्या अंगठ्याला भिंग लावतो आणि दोष सापडला म्हणतो, हे माझ्या डोक्यातून जात नाही. मी हाताखालून गेलेल्या घड्याळांचा हिशेब कधी ठेवला नाही, पण असा माणूस त्यातल्या एकाच्या तरी मागे उभा असेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपण एवढीएवढीशी चाकं जोडत होतो, ओडील, आणि ती कुठल्या हातांत जाणार आहेत ते आपल्याला ठाऊक नव्हतं. त्याला माझा नमस्कार सांग. मोठा सांग. आणि सांग की ब्रासूच्या बायका हे वर्षानुवर्षं करत होत्या, पण त्या गोष्टीवर कुणी रडलं नव्हतं. तोच पहिला. त्याचा मान त्याला.

तू गप्प राहिलीस यावर मात्र माझा अजून विश्वास बसलेला नाही. इदाचाही नाही.

आता कामाचं. तुमच्या गावची ती मऊ, गोड पावाची लादी, ज्यात मनुका घालतात, ती पाठव. माझा पुढचा एकच दात उरला आहे आणि तो घड्याळं ऐकायला लागतो, म्हणून बदामाचं काही नको, कडक बिस्किटं नकोत, मनुका बिनबियांच्या बघून घे. एक लादी मला आणि एक इदाला. ती मागत नाही, पण लेखणी थांबली आहे. तिसरी पेरनूच्या टेबलावर ठेव. आणि त्याला देण्याआधी करपलेल्या कडा कापून टाक, आता त्याचेही दात कामाचे आहेत.

तुझी आजी,
डोमेनिका